नापासाचा शिक्का कोणाच्या कपाळी?

शिक्षण हक्क कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीचा आधार घेऊन महाराष्ट्र शासनाने 2023 साली पाचवी-आठवीत नापासाची तरतूद पुन्हा आणली. तिचा पहिला घाव बसणार तो बीडहून आईबापांसोबत ऊसतोडीला जाऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी परतणाऱ्या मुलामुलींवर. फेरपरीक्षेने बुडालेले महिने भरून निघत नाहीत. सातवीतला मुलगा वाचता येत नाही हे लाजेने लपवतो. त्याच्या हाती पहिलीचे पुस्तक देणे हा अपमानच. चौघाचौघांचे गट करून रोज मोठ्याने वाचन घ्यावे. मोळ्या, टनाचा भाव, मुकादमाची उचल यांवर त्याच्याकडूनच गणिते रचून घ्यावीत. हा हिशेब त्याला गुरुजींहून अधिक ठाऊक असतो! कार्यकर्त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांना संघटित करून परतलेल्या मुलांसाठी स्वतंत्र शिक्षक मागावा, तोही परीक्षेपूर्वी.