धीर धरावा कसा?

आज माघ वद्य सप्तमी. इ.स. १८७८ मध्ये याच तिथीस श्रीगजानन महाराज शेगावी प्रकट झाले आणि उष्ट्या पत्रावळीवरील शिते वेचून खाताना भाविकांच्या दृष्टीस पडले. अन्नाच्या कणालाही ब्रह्म मानणाऱ्या त्या लीलेचे निरूपण बुलढाणा जिल्ह्यातील गावोगावच्या देवळांतून आम्ही गेली चाळीस वर्षे करीत आलो. परवा असेच कीर्तन आटोपून आरतीचे तबक फिरत असता एक प्रौढ बाई पुढे आल्या. सासूबाई तीन वर्षे अंथरुणास खिळलेल्या. रात्री झोप नाही, दिवसा शेत. "बुवा, धीर धरा म्हन्ता तुमी, पन तो धरावा कसा?" इतकेच त्या बोलल्या. तितिक्षेवर नुकतेच तासभर बोललेले आम्ही निरुत्तर झालो.

उत्तर शोधता शोधता मन गेले ते पंडिता रमाबाईंकडे. ज्यांनी १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, त्यांचे नाव उत्सवाच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. त्यांच्या धर्मांतराचे समर्थन आमच्याकडून होणे नाही. त्याची सल आमच्या मनात आजही आहे. परंतु रमाबाई आमच्याच व्यवसायातल्या एका घरच्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला आणि पुढे तीर्थोतीर्थी पुराण सांगत आयुष्य काढले. आई लक्ष्मीबाई पहाटे मुलीस उठवून पाठ देत. १८७४ च्या सुमारास दारिद्र्य आणि दुष्काळ यांत वडील गेले, मागोमाग आई, मग बहीण. उरलेली दोघे भावंडे पायी भटकत राहिली. शेगावी महाराज प्रकटले त्याच १८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीस 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती, आणि पदरात तान्ही मनोरमा राहिली.

पुढील हकीकत बहुतेकांस ठाऊक असते ती वादापुरती. १८९३ साली शारदासदनातून पालकांनी मुली काढून नेल्या, थोर सल्लागार दूर झाले. तिकडच्या धर्माधिकाऱ्यांशीही बाईंचे पटत नव्हतेच. दोन्हीकडून एकटी पडलेली ही स्त्री १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून निराधार मुली गोळा करून आणते, आणि पुणे जिल्ह्यातील केडगावच्या 'मुक्ती'त शेकडो जणींच्या रोजच्या भाकरीचा भार उचलते. तेथे विहिरी, शेती, माग, छापखाना, सारे त्या स्त्रियांच्या हातचे. अशा धकाधकीत बाईंनी हिब्रू व ग्रीक या भाषा अभ्यासून बायबलचे मराठी भाषांतर आरंभिले, तेही निरक्षर बायकांस ऐकून कळेल अशा साध्या बोलीत. ते काम पंधरा वर्षांहून अधिक चालले. कानांनी ऐकू येईनासे झाले होते.

ग्रीक बायबलात सहनशीलतेसाठी जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ 'भाराखाली टिकून राहणे' असा होतो. आमचा 'तितिक्षा' शब्द 'तिज्' धातूचा. या धातूचा पहिला अर्थ धार लावणे, पाजळणे. 'तेज' शब्दही त्यातूनच निघाला. सहन करणारा झिजतो खरा, पण सहाणेवरचे पातेही झिजूनच धारदार होते. एवढी व्युत्पत्ती सांगून आम्ही त्या बाईंस घरी पाठविले असते तर ती शास्त्रीबुवांची सोय झाली असती, त्यांची नव्हे. आमची समजूत अशी की रमाबाईंचा धीर आला तो पहाटेच्या पाठातून. आजचा पाठ आज म्हणायचा, उद्याचा उद्या. मन लागो न लागो. बालपणी भागवताचे श्लोक असेच मुखोद्गत झाले, आणि उतारवयात भाषांतराची पाने अशीच एकामागून एक उलटली. पोथी बदलली, पाठ सुटला नाही. अठरा वर्षांचे भाषांतर कोणालाही करवत नाही. एक पान करवते. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. त्यानंतरही मुद्रितांचे शोधन चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनी देह ठेवला.

दुसऱ्या दिवशी उत्तररंगात ऐनवेळी हेच आख्यान लावले. दोघेचौघे कुजबुजले; एक वृद्ध गृहस्थ उठून गेले, आणि त्यांचा राग आम्हांस अन्याय्य वाटला नाही. कीर्तनानंतर त्या बाई पुन्हा आल्या. एक दिवसाचा पाठ, हे त्यांस पटले होते. पण शंका निराळीच होती. "त्या बाईले हाताखाली कोनी होतं का?"

होत्या, आम्ही म्हणालो. ज्यांना तिने वाचविले त्याच मुलींनी दळले, रांधले, खिळे जुळविले, ग्रंथ छापला. एकटीने ते झाले नसते. हे मात्र आम्ही जरा मोठ्याने सांगितले. त्यांच्या दोघी जावा पुढच्याच ओळीत बसल्या होत्या.