घरचा संगणक : टँकर की विहीर?

'लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून' अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ती आज रचली गेली असती तर 'संगणक पाहावा घेऊन' असे तिसरे शेपूट तिला नक्कीच जोडले गेले असते. माणसारख्या दुष्काळी तालुक्यात संगणक ही दरवर्षी बदलायची वस्तू नव्हे. कुणाच्या घरी तो मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेऊन आणलेला असतो, तर कुणाच्या घरी मुंबईला किंवा गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेल्या भावाने वापरून झाल्यावर पाठवलेला असतो. एकदा आला की दहा वर्षे तरी तो चालावा, अशी घरच्यांची अपेक्षा असते. तिला अवाजवी कोण म्हणेल?

परंतु या अपेक्षेला अलीकडेच तडा गेला. यंत्र आणि आपण यांच्यामध्ये राहून जी फाइली सांभाळते, प्रिंटरला कामाला लावते आणि कीबोर्डवरचे बोट यंत्राला समजावते, ती ऑपरेटिंग सिस्टिम. आपल्याकडे ती बहुधा मायक्रोसॉफ्टची विंडोज असते. २०१५ साली आलेल्या विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही. मात्र नव्याने सापडणाऱ्या चोरवाटा बुजवण्याचे नित्याचे काम थांबले. घरगुती ग्राहकांसाठी एका वर्षाची मुदतवाढ जाहीर झाली, पण मुदतवाढ ती मुदतवाढच. पुढची विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या सुमाराचा किंवा नंतरचा हवा. त्याआधीचा संगणक धडधाकट असला तरी तिच्या नियमांत बसत नाही.

आता प्रश्न असा की, ज्या यंत्रावरून आपण बँकेचा व्यवहार करतो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, सातबारा पाहतो, ते असे उघडे ठेवायचे काय? की नवे यंत्र घेण्यासाठी पुन्हा कर्ज काढायचे?

आपण माणदेशी माणसे पाण्याच्या बाबतीत हा प्रश्न फार लवकर शिकलो आहोत. टँकर दारात येतो तेव्हा सोयीचा वाटतो. पण तो कधी यायचा आणि कधी थांबायचा, हे आपल्या हाती नसते. विहीर खणायला कष्ट पडतात, तिचा गाळ आपणच काढावा लागतो. पण दोर आणि पोहरा आपल्या हाती असतो. संगणकाच्या जगात अशी एक विहीर आहे. तिचे नाव लिनक्स.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. ऑपरेटिंग सिस्टिम कुणालाही वापरता, तपासता, बदलता आणि दुसऱ्याला देता यावी, हे त्यामागचे सूत्र. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. हे दोन प्रवाह एकत्र आले आणि त्यांतून डेबियन, उबुंटू, मिंट अशी अनेक रूपे निघाली. आपल्या सी-डॅक या संस्थेनेही २००७ मध्ये 'बॉस' नावाचे भारतीय रूप काढले. खिशातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या गाभ्याशीही लिनक्सच आहे. तेव्हा 'हे आपले काम नव्हे' असे म्हणणारा माणूस नकळत रोज तेच वापरत असतो!

याचा अर्थ विंडोज टाकाऊ आहे असा मुळीच नाही. ज्या घरात दुकानाचे हिशेब टॅलीवर चालतात, किंवा एखादी डिजिटल सहीची किल्ली वा जुना प्रिंटर विंडोजशिवाय चालत नाही, तिथे विंडोजच ठेवावी आणि रीतसर परवान्याची ठेवावी. चोरीची प्रत वापरून सुरक्षेची अपेक्षा करणे म्हणजे कुलूप लावून किल्ली रस्त्यावर टाकणे होय. ॲपलची मॅक प्रणाली देखणी आहे, पण ती ॲपलच्याच महागड्या यंत्राबरोबर येते; हातातल्या जुन्या संगणकाचा प्रश्न ती सोडवीत नाही. मात्र ज्या घरचे काम इंटरनेट, पत्रलेखन, फोटो आणि गाणी एवढेच आहे, त्या घराने जुना संगणक भंगारात काढण्यापूर्वी लिनक्स अजमावून पाहावी, असे माझे ठाम मत आहे. मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी मेमरीवरही चालते. तिच्या एकेका आवृत्तीला सुमारे पाच वर्षे सुधारणा मिळतात, आणि मुदत सरली की पुढची आवृत्तीही फुकटच मिळते.

पुष्कळांचा आक्षेप असतो, 'यात मराठीचे काय?' खरे तर आपल्याला बांधून ठेवले ते विंडोजने नव्हे, जुन्या फाँटांनी. कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांत टंकलेला मजकूर आतून रोमन अक्षरांच्या संकेतांत असतो. वरून फक्त मराठीचा अंगरखा. फाँट नसलेल्या संगणकावर अंगरखा गळतो आणि हाती अगम्य खुणा उरतात. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, आणि सरकारने १९८६ साली प्रमाणित केलेला इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर मिळतो. तो एकदा बोटांत बसला की यंत्र कोणतेही असो, मराठी आपली राहते.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. दहिवडीला किंवा म्हसवडला संगणक बिघडला तर लिनक्स जाणणारा माणूस कुठे शोधायचा? विद्यार्थी मित्रहो, याचे उत्तर तुम्हीच आहात. केरळातील शाळांतून हजारो मुले गेली कित्येक वर्षे लिनक्सवर शिकत आहेत. ती काही वेगळ्या मातीची नाहीत. प्रत्येक गावातल्या एका विद्यार्थ्याने जरी हे शिकून घेतले, तरी त्या गावाला दुरुस्त करणारा मिळेल.

घाई मात्र करू नये. प्रथम कागदपत्रांची व फोटोंची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी. आहे त्या विंडोजवरच लिबरऑफिस आणि फायरफॉक्स वापरून हात बसवावा. मग लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन, काहीही न पुसता, संगणक तिच्यावर सुरू करून पाहावा. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी ही चार कामे जमली तरच ती कायमची बसवावी. न जमली तर पेनड्राइव्ह काढला की झाले.

शेजाऱ्याकडे काय आहे, दुकानदार काय सांगतो, यावर घरची निवड ठरू नये. आपले काम कोणते, आणि उद्या कुणी आधार काढून घेतला तर आपल्या हाती काय उरते, हे दोन प्रश्न ज्याने विचारले, त्याची निवड सहसा चुकणार नाही. ज्या मुलखाने पाण्याचा थेंब जपायला शिकवले, तिथल्या मुलांनी चालते यंत्र भंगारात जाऊ देऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.