आधी उष्णतेचा हिशोब, मग लाईट!

मित्रहो, कॉमन रूममधल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये आता एकच क्लाउनफिश उरलाय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. दुसरा कसा गेला यावर बऱ्याच थिअरीज चालू आहेत. कोणी म्हणतं मेसच्या पोळीचे तुकडे टाकले, कोणी म्हणतं नजर लागली! खरं सांगायचं तर तो आमच्या ‘अपग्रेड’ने गेला. स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात होता, तेव्हा हा लेख मीच लिहायला हवा.

झालं असं. टँक 40 लिटरचा, जुनी ट्यूब मिणमिणायची. एप्रिलमध्ये, ऐन पीएलमध्ये, मी आणि माझ्या रूम पार्टनरने वर्गणी काढून 100 वॅटचा एलईडी फ्लडलाईट आणला आणि थेट झाकणाच्या आत बसवला. काय दिसत होता टँक! पोरं पुस्तकं सोडून बघायला यायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी थर्मामीटरवर 32.5 अंश. दोन्ही मासे वर येऊन धापा टाकत होते. सकाळी बघतो तर एक तळाशी.

थर्मो पास झालेली पोरं आम्ही, पण साधा हिशोब केला नाही. 40 लिटर खारं पाणी 1 अंशाने तापवायला साधारण 165 किलोज्यूल लागतात. बंद झाकणाखाली 100 पैकी निम्मे वॅट जरी पाण्यात गेले, तरी तासाला 180 किलोज्यूल झाले. म्हणजे उष्णता बाहेर पडलीच नाही तर तासाला एक अंशाहून जास्त! थोडी काचेतून जाते, थोडी बाष्पीभवनाने, म्हणून पाणी उकळलं नाही इतकंच. ‘एलईडी थंड असतो’ हा आमचा गैरसमज. एलईडीची बरीचशी उष्णता मागच्या हीट सिंकमध्ये जाते, आणि तो हीट सिंकच आम्ही झाकणात कोंडला होता.

त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्राच्या पाण्यात 25 अंशाला लिटरमागे सुमारे 6.8 मिलिग्रॅम, तर 30 अंशाला सुमारे 6.2. उलट माशाची गरज त्याच वेळी वाढते. मोठ्या टँकमध्ये निदान सावरायला वेळ मिळतो, छोट्यात तोही नाही.

आणखी एक गंमत. आमच्या बुडवलेल्या पंपाकडे कोणाचं लक्षच नव्हतं. 20 वॅटचा पंप चोवीस तास चालला की 480 वॅट-तास, आणि ते जवळजवळ सगळे पाण्यातच जातात. आठ तास जळणाऱ्या 50 वॅटच्या दिव्यापेक्षा जास्त!

मग उपाय काय? महागडा चिलर? तो टँकची उष्णता खोलीतच सोडतो, वर स्वतःची वीज खातो ती वेगळीच. बर्फाची बाटली टाकली तर तापमान झपकन खाली आणि पुन्हा वर, तेही माशाला बाधतंच. त्यापेक्षा कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला 12 व्होल्टचा पंखा बरा. तो पाण्यावर वारा घालतो. दिवसाला एक लिटर पाणी उडालं तर ते सरासरी 28 वॅट उष्णता घेऊन जातं, आणि पंखा खातो जेमतेम 2 वॅट. माठ याच तत्त्वावर गार होतो. मात्र पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून कमी झालेल्या पाण्याच्या जागी रोज गोडं पाणी घालायचं, खारं नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा जोर उतरतो, तेव्हा लाईटचे तास कमी करायचे.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. एवढा लाईट हवा होता कोणाला? परदेशात असे दिवे लावतात ते प्रवाळासाठी. त्याच्या अंगातल्या सूक्ष्म शैवालाला प्रकाशातून अन्न बनवायचं असतं. आपल्याकडे दगडी प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा ते टँकमध्ये ठेवायचा प्रश्नच नाही. आणि ज्या माशांसाठी आम्ही एवढा खटाटोप केला, त्यांना जुनी ट्यूब पुरत होती. लाईट आम्हाला हवा होता, बघायला! त्याची किंमत माशाने मोजली.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की छोट्या टँकमध्ये एकही वॅट वाढवण्याआधी तो बाहेर कुठून जाणार हे कागदावर मांडावं. तो फ्लडलाईट आता सायकल स्टँडवर लागलाय, तिथे तो शोभतोही. टँकवर पुन्हा ट्यूब आहे, झाकणाच्या जागी जाळी आहे (मासे उडी मारतात म्हणून), एक पंखा आणि एक टायमर.

रेक्टर सरांना एकच विनंती. सुट्टीत कॉमन रूम खिडक्या लावून बंद होते आणि पाणी घालायला कोणी नसतं. मेसच्या काकांकडे एक किल्ली ठेवू द्यावी. दिवसातून एकदा थर्मामीटर बघायचा आणि खुणेपर्यंत गोडं पाणी ओतायचं, पाच मिनिटांचं काम आहे. काका तयार आहेत, मी विचारून ठेवलंय. उरलेला एक तरी पुढच्या बॅचला दिसू दे!