चाचणीचा कागद आणि ताटातले अन्न

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. प्रथम संशय पाण्यावर गेला, मग शाम्पूवर, मग बुरशीवर. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले. १८ गावांतील २७९ जणांना हा त्रास झाला आणि रुग्णांच्या रक्तात सेलेनियमचे प्रमाण नेहमीच्या सुमारे ३५ पट आढळले, असे त्यांनी सांगितले. हा निष्कर्ष कोणाला पटो वा न पटो, विचारलेला प्रश्न नेमका होता: त्रास कोणाला झाला, त्यांनी काय खाल्ले आणि त्या खाण्यात काय होते?

अन्नाच्या ॲलर्जीचे प्रकरण याहून निराळे आहे. विष मात्रेप्रमाणे सर्वांनाच बाधते. ॲलर्जीत मात्र अन्न निर्दोष असते. एखाद्याच्याच शरीराची संरक्षक यंत्रणा त्यातील प्रथिनाला शत्रू समजते, आणि मग चिमूटभर पदार्थही पुरतो. हा भेद पुसला गेला की भीतीचा व्यापार सुरू होतो. शंभर-दोनशे पदार्थांची यादी आणि त्यापुढे लाल-हिरवी चिन्हे असलेला कागद हजारो रुपयांना मिळू लागला आहे. हातात तो पडताच गहू, दूध, तूरडाळ, शेंगदाणे एका दिवसात ताटाबाहेर जातात.

या कागदांपैकी पुष्कळ ‘आयजीजी’ नावाच्या प्रतिपिंडावर आधारलेले असतात. हे प्रतिपिंड म्हणजे शरीराने तो पदार्थ पाहिला असल्याची खूण होय. जो रोज पोळी खातो त्याच्या रक्तात गव्हाची खूण सापडावी, यात नवल ते काय? युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच ही चाचणी निदानासाठी वापरू नये असे स्पष्ट केले. खऱ्या तात्काळ ॲलर्जीशी संबंध असतो तो ‘आयजीई’चा. परंतु तिचीही चाचणी एकटी पुरत नाही. कर्नाटकात प्रौढांची जी पाहणी झाली व २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात सुमारे २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई आढळले. लक्षणे व चाचणी दोन्ही जुळणारे मात्र केवळ १.२ टक्के निघाले. म्हणजे हजारांत २६५ जणांचा कागद ‘दोषी’ म्हणतो आणि ॲलर्जी संभवते ती बाराजणांना. उरलेल्या अडीचशेंनी पथ्य पाळायचे ते कशासाठी?

पथ्याला किंमत पडते, आणि ती केवळ पैशांची नसते. गहू सोडणाऱ्याला या जिल्ह्यात ज्वारीची भाकरी आहे. तेथे पर्याय सोपा. पण वाढत्या मुलाचे दूध, अंडे, डाळ व शेंगदाणे एकदम काढले, तर त्या प्रथिनांची व कॅल्शियमची भरपाई कारकुनाच्या वा शिक्षकाच्या पगारात कशातून करावी, हे यादी देणारा सांगत नाही. शिवाय गहू सोडण्यात एक खाच आहे. सिलिॲक हा आतड्यांचा आजार शोधायचा असेल, तर रक्ततपासणी होईपर्यंत गहू चालू ठेवावा लागतो. आधीच सोडला तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

वगळून पाहण्याची पद्धत मुळात टाकाऊ नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली संशयित पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करावयाचा, फरक पडतो का ते पाहावयाचे, आणि मग तो पुन्हा सुरू करावयाचा, अशी तिची रीत आहे. पूर्वी तीव्र प्रतिक्रिया आली असेल तर ही फेरपरीक्षा रुग्णालयातच व्हावी. आपल्याकडे पहिली पायरी चढली जाते, शेवटची विसरली जाते. तात्पुरते पथ्य जन्मभराचे होते.

टाळण्यानेच ॲलर्जी बळावू शकते, असाही पुरावा आहे. लंडनमधील एका प्रयोगात ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या ६४० तान्ह्यांपैकी निम्म्यांना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ नियमित देण्यात आले, निम्म्यांना वर्ज्य केले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार खाणाऱ्या गटात शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. दाण्याच्या कूटावाचून ज्यांची भाजी होत नाही, त्या वऱ्हाडी घरांना यात फारसे आश्चर्य वाटू नये.

तथापि खऱ्या ॲलर्जीला ‘खाण्याचे नखरे’ म्हणून हसण्यावारी नेणे ही तितकीच घातक चूक आहे. खाल्ल्यानंतर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास कोंडणे ही लक्षणे दिसली तर ॲड्रेनॅलीनचे इंजेक्शन मिळेल तेथे तत्काळ पोहोचावे लागते. घरगुती उपायांत दवडलेला वेळ जिवावर बेततो. शाळांतून मध्यान्ह भोजन वाढणाऱ्या शिक्षकांना हे ठाऊक हवे. एखाद्या मुलाला त्रास झाल्यास त्याने काय खाल्ले, किती खाल्ले, किती वेळाने काय दिसले आणि तोच पदार्थ पूर्वी पचला होता का, एवढे वहीत लिहून ठेवावे. जाणता डॉक्टर रक्त काढण्यापूर्वी हेच चार प्रश्न विचारतो, आणि त्यांची उत्तरे मिळाल्यावरच कोणती चाचणी करावयाची ते ठरवितो.