ब्रश कोणत्या केसांचा?

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला मामांकडे गेलो होतो. मामा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. त्यांनी माझा केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. अहो, केसावर खवले, कौलांसारखे एकावर एक! मग पांढऱ्या शेळीचा केस पाहिला. त्याच्या मधोमध रुंद काळा पट्टा, माझ्यात तो अगदी बारीक. नायलॉनच्या ब्रशचा धागा मात्र काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत, खवला औषधालाही नाही.

मामा म्हणाले, असेच केस तपासून मुंगसाच्या केसांचे ब्रश ओळखतात. 2019 साली पुण्यासह अनेक शहरांत छापे पडले आणि असे 26 हजारांहून जास्त ब्रश पकडले. मेंढीची लोकर कातरतात, मुंगसाला मात्र केसांसाठी मारतात. कायद्याने बंदी असून!

माझे मत, चित्रकलेला नायलॉनचा ब्रश पुरे. तो रंग कमी धरतो म्हणतात. मग दोनदा बुडवावा, त्यात काय! पालकांनीही ब्रश घेताना दुकानदाराला विचारावे, केस कोणाचे?

माझ्या कंपासपेटीत एक जुना तपकिरी ब्रश आहे. तो मामांना दाखवायचा राहिला. तोवर मी तो वापरत नाही.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी