पाकिटामागची बारीक अक्षरं

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाला भाचीकडे जायचं ठरलं, तेव्हा तिचा फोन आला, "मावशी, चिवडा आण, पण बेसनाचे लाडू नको गं. तूप चालत नाही मला आता." मला वाटलं, डाएटचं नवं खूळ! पण प्रकरण निराळंच होतं. बागकाम करताना तिला गोचीड चावली आणि तेव्हापासून मटणच काय, दूध-तूपही सोसेना.

या आजाराचं नाव 'अल्फा-गॅल सिंड्रोम'. गाय, शेळी, डुक्कर अशा सस्तन प्राण्यांच्या शरीरात अल्फा-गॅल नावाची साखर असते. माणसात ती नसते. तिकडच्या 'लोन स्टार' गोचिडीच्या चाव्यातून ती शरीरात शिरली, की काहींचं शरीर तिला शत्रू मानू लागतं. मग मटण खाल्ल्यावर दोन ते सहा तासांनी अंगावर गांधी उठतात, पोट दुखतं, उलट्या होतात. कधी श्वास कोंडून जिवावर बेततं. रात्रीचं जेवण मध्यरात्री बाधतं, म्हणून कारण चटकन कळतच नाही. 2010 पासून साडेचार लाखांपर्यंत लोकांना हा त्रास झाला असावा, असा अंदाज अमेरिकेच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने 2023 मध्ये मांडला. कोंबडी, मासे, अंडी मात्र चालतात. दूधही सगळ्यांनाच बाधतं असं नाही.

तिथे दुकानात गेलो, तर भाची प्रत्येक पाकीट उलटं करून वाचत बसली. तिथल्या 2004 च्या कायद्याने दूध, अंडी, शेंगदाणे, गहू अशा आठ ॲलर्जीकारक पदार्थांची नावं छापणं सक्तीचं केलं. 2023 पासून तीळ नववा झाला. पण सस्तन प्राण्यांचं मांस त्या यादीत नाही. म्हणून जिलेटिन, लार्ड म्हणजे डुकराची चरबी, हे शब्द आपणच हुडकायचे. 'नॅचरल फ्लेवर्स' लिहिलं असेल, तर तो स्वाद वनस्पतीचा की मांसाचा? मग कंपनीला फोन!

"इथे आपला हिरवा ठिपका नसतो ना मावशी," ती म्हणाली. खरंच, आपण तो ठिपका उपास-तापास, सोवळं-ओवळं यांसाठी बघतो. पण तिच्यासाठी तो औषधाच्या चिठ्ठीइतका मोलाचा. हिरवा ठिपका म्हणजे चरबी नाही, जिलेटिन नाही. मात्र दूध-तूप त्यात बसतं, म्हणून मागची 'दूध आहे' ही ओळही वाचायलाच हवी. आणि मांसाहाराची तपकिरी खूण तर अंड्याच्या केकवरही असते आणि जिलेटिनच्या गोळ्यांवरही. केकमधलं अंडं तिला चालेल, गोळ्या नाही. प्राणी कोणता, हे ती खूण सांगत नाही. औषधांच्या बऱ्याच कॅप्सूलचं आवरणही जिलेटिनचंच असतं, हे मला तिथेच कळलं.

मैत्रिणींनो, हा आजार आपल्याकडे क्वचितच ऐकू येतो. पण शेंगदाण्याची, दुधाची, गव्हाची ॲलर्जी आपल्याही घरांत असते. आणि आपण पाहुण्याला आग्रह करतो, "एका घासाने काय होतंय?" होतं बाई! भाचीला एकदा चमचाभर तुपाने दवाखाना दाखवला. तेव्हा कुणी "मला चालत नाही" म्हटलं, तर नाक न मुरडता पाकीट उलटं करा, हवं तर चष्मा लावून वाचा. मी हल्ली तेच करते.