दत्तक शाळेचं अकरावं वर्ष

म्हसळा-श्रीवर्धनच्या बाजूला डोंगरउतारावरच्या एखाद्या वाडीची जिल्हा परिषद शाळा डोळ्यांसमोर आणा. दोन खोल्या, पहिली ते चौथीचे वर्ग, पट बारा-चौदाचा. गुरुजींनी फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ ओढली आहे. डावीकडे दुसरीची हातच्याची बेरीज, उजवीकडे चौथीचा भागाकार. एका वर्गाला उदाहरण घालून दिलं की दुसऱ्याकडे वळायचं. मधेच मोबाइलवर ऑनलाइन माहिती भरायची, पोषण आहाराची नोंद करायची. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, हजेरीपटावर नावं राहतात आणि खोलीतली अर्धी जागा रिकामी होते. ही शाळा दत्तक घ्यायला कोण येणार आहे?

१८ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात दत्तक शाळा योजना आली. कंपनी, संस्था किंवा व्यक्ती सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घेऊ शकते. ग्रामीण भागासाठी देणगीचं मूल्य पाच वर्षांना ५० लाख, दहा वर्षांना एक कोटी. मोठ्या महापालिकांच्या हद्दीत दोन आणि तीन कोटी. देणगीदाराला शाळेला आपण सुचवलेलं नाव जोडता येतं. रोजच्या कारभारात त्याने हस्तक्षेप करायचा नाही, असंही ठरलेलं आहे, आणि ते नोंदवायला हवं. शाळा विकल्या असा ओरडा मी करणार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या कित्येक शाळांचे पत्रे आणि कौलं उडवली. अशा वेळी मदतीला आलेला हात कुणाचा, हे कुणी विचारू नये.

पण मदत वेगळी आणि व्यवस्था वेगळी. रायगडचा नकाशा समोर घ्या. थळला आरसीएफ, उसरला गेल, डोलवीला जेएसडब्ल्यू, नागोठण्याला रिलायन्स. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चावे लागतात आणि त्यात आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यायचं असतं. म्हणजे पैसा चिमणीच्या आसपासच फिरणार. मुरूड ओलांडून किनाऱ्याने दक्षिणेला गेलं की दिघी बंदर सोडल्यास असं नाव घेण्याजोगं काय आहे? देणगीदार रस्त्यालगतची, मोठ्या पटाची, फोटोत चांगली दिसणारी शाळा निवडणार. त्यात त्याचा दोष नाही. निवड त्याच्यावर सोपवली, दोष तिथे आहे. शिकण्याच्या हक्काचं माप कारखान्यापासूनच्या अंतराने लागणार असेल, तर त्याला हक्क कसं म्हणायचं?

या निर्णयानंतर तीनच दिवसांनी, २१ सप्टेंबरला, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवणारं पत्र शिक्षण आयुक्तालयातून निघालं. राज्यात अशा सुमारे १४,७८३ शाळा आणि जवळपास १ लाख ८५ हजार मुलं. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. चांगल्या शाळेला दाता, लहान शाळेला कुलूप, असा त्यांचा एकत्रित अर्थ होऊ शकतो. मला भीती वाटते ती याची.

खाडीकाठच्या मुलखात अंतर किलोमीटरमध्ये मोजताच येत नाही. आगरदांड्याहून समोरचं दिघी डोळ्यांना दिसतं, बोटीने काही मिनिटांत गाठता येतं. रस्त्याने जायचं तर सगळ्या खाडीला वळसा. वाड्यांचंही तेच, फक्त लहान प्रमाणात. मधे ओहोळ, त्यावर साकव, जुलैत साकवावरून पाणी. सात वर्षांच्या मुलीला तिथून कोण सोडणार? समूह शाळेची बस डांबरी रस्त्यापर्यंत येईल, पुढची पायवाट तिच्या आईच्या वाट्याला. आई मजुरीवर गेली की मुलगी घरी. नियमाने वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा हवी, ती याचसाठी.

सरकारी पैसा आणि खासगी व्यवस्थापन ही जोडी आपल्याला नवी नाही. पगार सरकारचा, कारभार संस्थेचा, अशा अनुदानित शाळांतून महाराष्ट्राच्या पिढ्या शिकल्या. कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेचं नाव त्यात आदराने घ्यावं लागेल. पण माणशी पैसा मिळतो म्हटल्यावर काय होतं, तेही आपण पाहिलं. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत हजेरीपटावर असलेली लाखो मुलं वर्गात सापडलीच नाहीत. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये चार्टर शाळांचा कायदा केला. सरकारी पैशावर स्वतंत्र मंडळांनी चालवायच्या या शाळा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो केंद्राने २००९ मध्ये गणिताचे निकाल तपासले तेव्हा १७ टक्के चार्टर शाळा शेजारच्या सरकारी शाळांपेक्षा सरस, ३७ टक्के कमी आणि उरलेल्या बरोबरीच्या निघाल्या. २०२३ च्या अहवालात त्या सरासरीने थोड्या पुढे गेल्या, हेही खरं. म्हणजे चालवणारा बदलला की शिकवणं सुधारतंच, असं नाही. तिथे आणि इथेही प्रश्न एकच: न परवडणारं मूल कुणाच्या वाट्याला येतं?

आता वर्षांचा हिशेब. यंदा पहिलीत बसलेलं मूल आठवी होईपर्यंत आठ वर्षं जातात. पाच वर्षांची दत्तक मुदत ते सहावीत जाताना संपते. डिजिटल फळा बंद पडला तर दुरुस्तीचा खर्च कुणाचा? स्वच्छतागृहाच्या पाण्याची मोटर जळली तर? दाता निघून गेला आणि दरम्यान जिल्हा परिषदेने त्या शाळेची तरतूद आटवली असेल, तर शाळा पहिल्यापेक्षा गरीब होईल. शिक्षक तर देणगीत मिळतच नाही. दोन खोल्यांच्या शाळेला आधी दुसरा शिक्षक हवा असतो, रंगरंगोटी नंतर.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे तक्रार मांडली होती की पैसा रयतेकडून येतो आणि खर्च वरच्यांच्या शिक्षणावर होतो. बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. पुढे १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला. त्यात सरकारचं कर्तव्य लिहिलं आहे, दात्याची मर्जी नाही.

त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि निम्म्या महिला. त्या पालकांना माझी विनंती आहे. दत्तक घेणारा दारात आला तर त्याचं स्वागत करा, नारळ द्या. पण ठरावावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागा: आमच्या शाळेची सरकारी तरतूद कमी होणार नाही, रिकाम्या जागेवर शिक्षक येईल, आणि शेजारच्या वाडीची शाळा बंद होणार नाही. मग विचारा, अकराव्या वर्षी काय? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.